दूध काढायचा पंप घ्यावा का? आणि घेतला तर कोणता?



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांमध्ये एक विषय सारखा निघतोय. तो अजेंड्यावर नसतो. बचत जमा होते, हप्ते लिहून होतात, सह्या होतात, आणि मग एखादी लेकुरवाळी ताई हळूच जवळ येऊन विचारते, "मॅडम, ते दूध काढायचं मशीन मिळतं म्हणे. कितीला येतं? चांगलं असतं का?"

विचारणाऱ्या ताया कोण आहेत ते बघा. कुणी सीआरपी आहे, कुणी बँक सखी, कुणी पशुसखी. कुणी पापडाच्या युनिटवर जाते, कुणी कापूस वेचायला. पूर्वी बाळ झोळीत घालून बांधावरच्या झाडाला टांगता यायचं आणि मधेच जाऊन पाजता यायचं. आता तालुक्याला पाच-पाच दिवसांची प्रशिक्षणं असतात, बँकेत दिवस मोडतो, आणि घरी तीन महिन्यांचं बाळ आजीजवळ रडत असतं. अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतं, "वरचं दूध लाव, नाहीतर काम सोड." पंपाचा प्रश्न तिथून येतो. म्हणून त्याच्याकडे चोचले म्हणून बघू नका.

दुसरं एक कारण आहे, आणि खरं तर त्यामुळेच हा लेख मी घाईने लिहायला घेतला. एका ग्रामसंघात असं ठरत आलं होतं की गटाच्या पैशातून एकच चांगला, महागातला पंप घ्यायचा आणि ज्या ताईला लागेल तिने तो न्यायचा. शेवयांचं मशीन किंवा लग्नातली भांडी आपण घेतो तसंच. हेतू शंभर टक्के चांगला होता. पण हे करायचं नाही. का नाही, ते पुढे सविस्तर सांगते.

मी समाजकार्य शिकले आहे, नर्स नाही. माझं लग्नही झालेलं नाही, त्यामुळे हा विषय काढला की काही आक्का तोंडाला पदर लावून हसतात, "हिला काय कळतंय!" हसा. पण लेख वाचा, आणि शंका आली तर आशा ताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना विचारा.

पंप लागतो कुणाला?

बाळ जवळ आहे, नीट ओढतंय, वजन वाढतंय, तुम्ही दिवसभर घरी किंवा हाकेच्या अंतरावर आहात, तर पंप घेऊ नका. जाहिरातीत कितीही गोड दाखवला तरी नको. बाळाच्या तोंडाइतकं चांगलं दूध कोणतंच मशीन ओढत नाही. ते पैसे शेंगदाणे, डाळ, अंडी आणि भाजीला लावा.

पंपाचा खरा उपयोग होतो तो तीन-चार प्रसंगांत. एक, तुम्ही रोज किंवा वरचेवर चार-पाच तासांपेक्षा जास्त वेळ बाळापासून लांब असता. दोन, बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं जन्मलं आणि जिल्हा रुग्णालयात काचेच्या पेटीत आहे, त्याला अजून ओढायची ताकद नाही. तीन, बाळाच्या टाळूला किंवा ओठाला फट आहे आणि त्यामुळे ते ओढू शकत नाही. चार, तुम्हाला दवाखान्यात राहावं लागलंय आणि बाळ घरी आहे.

दुसरा प्रसंग आपल्याकडे वाटतो त्यापेक्षा जास्त घडतो, म्हणून त्यावर थोडं थांबते. बाळ पेटीत असतं तेव्हा आईच्या मनात येतं की बाळ बरं होऊन बाहेर आलं की मग पाजू. तोवर पंधरा दिवस जातात आणि दूध आटतं. दूध तयार होणं हे मागणीवर चालतं. जितकं निघेल तितकं बनतं, निघालं नाही की शरीर समजतं की गरज नाही. म्हणून अशा आईने बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करायची आणि दर दोन-तीन तासांनी, रात्री धरून, दिवसातून आठ वेळा तरी काढायचं. पहिल्या दिवशी फक्त चमचाभर पिवळा चीक निघेल. तो फेकायचा नाही. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी पाच-सात मिली एवढंच मावतं, आणि तो चमचाभर चीक त्याला औषधासारखा लागू पडतो. वॉर्डातल्या सिस्टरना सांगा, "मला दूध काढायला शिकवा." विचारायची लाज नको, ते त्यांचं कामच आहे. काही मोठ्या सरकारी रुग्णालयांत मातृदुग्ध पेढीही असते. तिथे एका आईचं जास्तीचं दूध तपासून, प्रक्रिया करून दुसऱ्या अशक्त बाळाला देतात. आशियातली पहिली अशी पेढी आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली.

आता काही ताया सांगतात, "माझी छाती दगडासारखी झाली, म्हणून पंप पाहिजे." दूध दाटलं असेल तर आधी बाळाला जास्त वेळा पाजा. बोंडाभोवतीचा भाग कडक होऊन बाळाला तोंडात धरता येत नसेल तर हाताने थोडंसं काढून तो भाग मऊ करा आणि मग पाजा. पाजून झाल्यावर गार पाण्याची घडी ठेवा. पंप लावून छाती पूर्ण रिकामी करायच्या मागे लागलात तर शरीर आणखी दूध बनवतं आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. एखादी जागा लाल, गरम, दुखरी झाली आणि अंगात ताप आला तर मात्र घरगुती उपाय पुरे. डॉक्टरकडे जा, आणि त्या काळातही पाजणं बंद करू नका.

आधी हात

दूध काढायला सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे आपला हात. हे मी पंप परवडत नाही म्हणून समजूत घालायला सांगत नाहीये. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक घट्ट आणि थोडा असतो, तो पंपाच्या प्लॅस्टिकला चिकटूनच संपतो. हाताने तो थेट वाटीत येतो. आणि पंप घेतला तरी वीज जाते, पंपाचा पडदा फाटतो, प्रशिक्षणाला जाताना पंप घरी राहतो. हाताची सवय असेल तर अडत नाही.

रीत अशी. हात साबणाने धुवा. रुंद तोंडाची स्टीलची वाटी उकळून घ्या. निवांत बसा, गरम पाण्यात पिळलेला फडका छातीवर दोन-चार मिनिटं ठेवा, हलक्या हाताने चोळा. बाळ जवळ असेल तर त्याच्याकडे बघा, नसेल तर त्याचं दुपटं जवळ ठेवा. वास आला तरी पान्हा फुटतो, हे खरं आहे. मग अंगठा वर आणि पहिलं बोट खाली, बोंडापासून साधारण दोन बोटं मागे, काळा भाग संपतो त्याच्या कडेला ठेवा. आधी छातीकडे आत दाबायचं, मग अंगठा आणि बोट एकमेकांकडे दाबायचं, मग सोडायचं. दाब, सोड, दाब, सोड. बोटं कातडीवर घासायची नाहीत आणि बोंड ओढायचं किंवा पिळायचं नाही, कारण दूध बोंडात नसतं, मागे असतं. म्हशीची धार काढतो तशी रीत इथे चालत नाही, हे ज्यांच्या हाताला धारेची सवय आहे त्यांनी विशेष लक्षात ठेवा! पहिली दोन मिनिटं काहीच येणार नाही. मग थेंब येतील, मग धार लागेल. एका बाजूला तीन ते पाच मिनिटं, धार कमी झाली की दुसरी बाजू, परत पहिली. बोटांची जागा फिरवत राहायचं. सगळं मिळून वीस-तीस मिनिटं लागतात. दुखलं तर रीत चुकतेय असं समजा. बाळंतपणानंतरच्या दीड महिन्यात आशा ताई घरी भेटी देतात, त्या भेटीत त्यांच्यासमोर एकदा करून बघा.

रोजच्या रोज तीन-चार वेळा काढायचं असेल तर हात भरून येतात. तेव्हा पंपाचा विचार करा.

बाजारात काय काय मिळतं

किंमती दुकानागणिक आणि गावागणिक कमी-जास्त होतात, मी अंदाज सांगते.

सगळ्यात स्वस्त, शंभर-दोनशे रुपयांच्या आसपास, काचेचा किंवा प्लॅस्टिकचा पेला आणि त्याला रबराचा फुगा. सायकलच्या भोंग्यासारखा दिसतो. तालुक्याच्या मेडिकलमध्ये "पंप द्या" म्हटलं की बरेचदा हाच हातात देतात. हा घेऊ नका. दोन कारणं. दूध फुग्यात शिरतं आणि फुगा आतून धुता येत नाही, त्यामुळे आत घाण साठते. आणि किती जोरात ओढलं जातंय यावर आपला ताबा राहत नाही, त्यामुळे बोंडाला चिरा पडतात. शंभर रुपये वाचवून जखम विकत घेण्यात अर्थ नाही.

त्यानंतर सिलिकॉनचा एकसंध, बाटलीच्या आकाराचा मिळतो, तीनशे ते सहाशेपर्यंत. त्याला दांडा नाही, मोटर नाही. दाबून छातीला लावला की चिकटून बसतो आणि हळूहळू दूध जमा होतं. एका बाजूला बाळ पीत असताना दुसऱ्या बाजूने दूध वाहून पदर भिजतो ना, ते वाया जाणारं दूध यात धरता येतं. एकच तुकडा असल्याने धुवायला, उकळायला सगळ्यात सोपा. घरी बसून रोज थोडं थोडं साठवायला छान. पण बाळ जवळ नसताना, पान्हा नसताना हा फार काही ओढत नाही. दिवसभर बाहेर राहणाऱ्या ताईचं एवढ्यावर भागणार नाही.

तिसरा, हाताने दांडा दाबायचा पंप. साधारण चारशे ते हजार रुपयांत बरा मिळतो, नावाजलेल्या परदेशी कंपन्यांचा दोन हजारांच्या पुढे जातो. आपल्या बहुतेक तायांसाठी माझं मत याच्या बाजूने आहे. वीज लागत नाही, आवाज नाही, पिशवीत मावतो, सगळे भाग सुटे होतात. ओढ किती ठेवायची ते आपल्या हातात असतं. एका बाजूला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. दुखणं आहे ते मनगटाचं. दिवसातून दोन-तीनदा वापरणारीला चालतो, आठ वेळा वापरणारीला जड जातो.

चौथा विजेवरचा. हजार-बाराशेपासून सुरू होतो आणि चांगला घ्यायचा तर दोन-तीन हजार किंवा अधिक. बाळ पेटीत आहे, दिवसातून आठ वेळा काढायचंय, किंवा रोजची नोकरी आहे, अशा आईला हा उपयोगी. आपल्याकडच्या भारनियमनात नुसत्या प्लगवर चालणारा काही कामाचा नाही, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारी बॅटरी त्यात असली पाहिजे. आणि दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: "दूध नळीतून मोटरमध्ये जाऊ नये म्हणून आत पडदा आहे का?" पडदा नसेल तर दुधाची वाफ आणि थेंब नळीत, मोटरमध्ये जातात, तिथे बुरशी धरते आणि ती काही केल्या निघत नाही. वापरताना सुरुवात कायम सगळ्यात कमी ओढीने करायची. जोर वाढवला म्हणजे दूध जास्त येतं असं नाही, दुखलं की पान्हा उलट आवरतो.

आता सगळ्यात जास्त फसवणूक कुठे होते तर मापात. छातीला जो नरसाळ्यासारखा भाग लागतो, त्याची नळी बोंडाच्या मापाची पाहिजे. बहुतेक पंपांबरोबर २४ मिलिमीटरचा येतो. तो सगळ्यांना बसतोच असं नाही. काही कंपन्या २१, २७, ३० अशी मापं वेगळी देतात. बोंड नळीत मोकळं पुढे-मागे हललं पाहिजे. कडेला घासत असेल तर माप लहान आहे, भोवतीचा काळा भाग खूपसा आत ओढला जात असेल तर मोठं आहे. "पंप लावला की जीव जातो" असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणींचा त्रास या एका गोष्टीचा असतो. छाती लहान की मोठी याचा या मापाशी संबंध नाही. दूध किती येणार याच्याशीही नाही, हे सासूबाईंनाही वाचून दाखवा.

बाकी घेताना बघायचं ते पटकन सांगते. सगळे भाग सुटे होतात का, उकळलेले चालतात का ते पेटीवर वाचा. आतला सिलिकॉनचा छोटा पडदा किंवा झडप वेगळी विकत मिळते का ते विचारा, कारण पंप "बिघडला" म्हणजे दहापैकी नऊ वेळा तीच फाटलेली असते. पावती घ्या. पेटी फोडली की बहुतेक दुकानदार हा माल परत घेत नाहीत, म्हणून माप आणि झडपेचं आधीच विचारून घ्या. पेटीबरोबर पुष्कळदा दुधाची बाटली आणि निप्पल येतं. बाटली दूध धरायला वापरा, निप्पल बाजूला ठेवा. बाटलीच्या निप्पलची सवय लागलेलं बाळ अंगावर ओढायला कुरकुर करतं, आणि निप्पल स्वच्छ ठेवणंही अवघड. आपल्याकडे वाटी-चमचा आहे, जुन्या घरांत बोंडलं आहे, त्याने पाजा. बाळाला अर्धवट बसवून, वाटी ओठाला टेकवून, त्याला स्वतः चाटू-पिऊ द्या. घशात ओतू नका. दूधपावडर आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. ती काही उगाच घातलेली नाही.

गटाचा एक पंप का नको

आता त्या ठरावाकडे येते. आईच्या दुधातून आणि बोंडाला चीर असेल तर रक्तातून काही आजारांचे जंतू पंपात जाऊ शकतात. साध्या घरगुती पंपात दूध कुठवर शिरलंय ते दिसत नाही आणि प्रत्येक कोपरा उकळता येत नाही. आधीच्या ताईला काही आजार आहे असं कुणी म्हणत नाही. पण कुणाला काय आहे हे तिला स्वतःलाही ठाऊक नसतं. म्हणून घरगुती पंप हा एका आईचाच. टूथब्रश जसा घरात प्रत्येकाचा वेगळा, तसं समजा. नणंदेने वापरलेला, शेजारणीने दिलेला, मोबाइलवर जुना विकायला काढलेला, हे सगळं त्यातच आलं. ओळखीतल्या ताईने प्रेमाने दिला तर नाही म्हणायला जड जातं, मला कल्पना आहे. लेखाचं नाव सांगा.

रुग्णालयात एकाच मशीनवर अनेक आया दूध काढतात, मग ते कसं चालतं, असा प्रश्न त्या ग्रामसंघात एका ताईने विचारला. अगदी बरोबर प्रश्न. ते मशीनच वेगळ्या बनावटीचं असतं, त्यात दूध मोटरपर्यंत पोचूच शकत नाही, आणि प्रत्येक आईचं नरसाळं, नळी, बाटली वेगळी असते. ते मशीन आपल्या गटाला झेपणारं नाही, आणि घेतलं तरी प्रत्येकीचा वेगळा संच घ्यावाच लागतो.

मग गटाने काय करावं? अंतर्गत कर्ज द्यावं. हिशोब बघा. ८०० रुपयांचा हातपंप, दरमहा शेकडा दोन व्याज, महिन्याला २०० मुद्दल फेडायचं. पहिल्या महिन्याचं व्याज १६, मग १२, मग ८, मग ४. चार महिन्यांत व्याज झालं ४० रुपये, आणि ते आपल्याच गटात राहिलं. याउलट पावडर लावली तर? फक्त पावडरवर असलेल्या दोन-तीन महिन्यांच्या बाळाला ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम चार-पाच दिवस जातो. महिन्याला सहा-सात डबे. डब्याची किंमत दुकानात विचारा आणि गुणाकार तुम्हीच करा. शिवाय पाणी, बाटली, जुलाब, दवाखाना वेगळं.

कर्जाचं कारण म्हणून "पंप" लिहायला संकोच वाटत असेल तर "आरोग्य" लिहा. सचिव ताईंना समजतं. चार-पाच गटांत मिळून पाच-सहा जणींना घ्यायचा असेल तर ग्रामसंघाने दुकानदाराशी एकत्र बोलावं. एकदम माल घेतला की भाव कमी होतो हे आपल्याला मसाला युनिटवरून चांगलं माहीत आहे.

काढलेलं दूध सांभाळायचं कसं

बाळ एक ते सहा महिन्यांचं असताना दिवसभरात साधारण ७०० ते ८०० मिली दूध पितं. म्हणजे तासाला अंदाजे ३० मिली. आठ तास बाहेर राहणार असाल तर पावशेर दूध मागे ठेवावं लागेल. एका बैठकीत एवढं निघत नाही. पंपाने एका वेळी ५० ते १०० मिली निघालं तरी चांगलं, आणि पहिल्या आठवड्यात तर बाटलीचा तळच भिजेल. त्यावरून "मला दूधच नाही" असं ठरवू नका. बाळ मशीनपेक्षा जास्त ओढतं. म्हणून प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी पंप आणून भागत नाही, दहा-पंधरा दिवस आधी सवय करा. सकाळच्या वेळी दूध जास्त असतं, सकाळी पाजून झाल्यावर अर्ध्या तासाने काढा.

दूध झाकणाच्या, उकळलेल्या स्टीलच्या डब्यात किंवा काचेच्या बाटलीत ठेवा. साध्या हवेला चार तास टिकतं. हे थंडी-पावसाळ्याचं सांगितलं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे घरात पत्रे तापतात तेव्हा चार तासांचा भरवसा धरू नका, एक-दोन तासांत पाजून टाका. माठाशेजारी ओल्या फडक्यात डबा ठेवला तर थोडा गारवा मिळतो, पण तो फ्रिज नव्हे. फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालतं असं सांगितलं जातं, पण आपली वीज बघता चोवीस तासांत वापरावं असं माझं सांगणं आहे. दारात नाही, आत मागच्या बाजूला ठेवा. बर्फाचे गोठवलेले पॅक घातलेल्या पेटीतही चोवीस तास राहतं. त्यासाठी सिस्टरकडे लसीची पेटी मागू नका बरं का, ती लसीचीच आहे!

ज्यांच्याकडे फ्रिज नाही आणि आठ तास बाहेर जायचंय, त्यांना खरं सांगते: पंप तुमचा अर्धाच प्रश्न सोडवतो. निघताना पाजा, चार तासांपुरतं काढून ठेवा, आणि पुढच्या चार तासांसाठी बाळाला कुणीतरी घेऊन यावं किंवा तुम्ही लवकर परतावं, याची व्यवस्था लागेल. प्रशिक्षणाला बाळ आणि सोबत सांभाळणारी एक बाई आणू द्यावी, ही मागणी ग्रामसंघातून लेखी आली पाहिजे. एकट्या ताईने तोंडी विचारलं की "बघू" म्हणतात. आणि बाहेर असताना दर तीन तासांनी थोडं दूध काढायचंच, नाहीतर छाती भरून येते आणि हळूहळू दूध कमी होतं. त्यासाठी प्रभागसंघाच्या कार्यालयात एक पडदा, एक खुर्ची, एक प्लग आणि हात धुवायला पाणी एवढं पुरे. संडासात बसून दूध काढायची वेळ कुणावरही येऊ नये.

ठेवलेल्या दुधावर साय येते, खाली निळसर पाणी दिसतं. ते नासलेलं नसतं. डबा कोमट पाण्यात ठेवून हळू हलवा. गॅसवर तापवू नका, उकळू तर मुळीच नका. ताजं कोमट दूध आधीच्या गार दुधात ओतू नका. बाळाने अर्धं पिऊन सोडलं तर उरलेलं दोन तासांत द्या, नाहीतर टाका. जीव तुटतो टाकताना, पण टाका.

काही घरांत म्हणतात, उन्हातून आलेल्या आईचं दूध गरम होतं, आधीचं पिळून टाकावं, मग पाजावं. किंवा दिवसभर अंगात राहिलेलं दूध शिळं होतं. छातीतलं दूध अंगातल्या उष्णतेलाच असतं, ऊन लागून तापत नाही आणि आत शिळं होत नाही. उन्हातून आल्यावर पाणी प्या, हातपाय धुवा, दोन मिनिटं टेका आणि पाजा. पेल्यात काढलेल्या दुधाला नजर लागते असं वाटत असेल तर डबा झाकून ठेवा, तसाही तो झाकायचाच आहे.

धुण्याचं राहिलं. वापरून झाला की लगेच सगळे भाग सुटे करायचे. आधी गार पाण्याने खळबळायचं, कारण एकदम गरम पाणी घातलं की दूध चिकटून बसतं. मग साबण आणि गरम पाणी, वेगळ्या तसराळ्यात, भांड्यांच्या मोरीत नाही. राख, माती, तारेची घासणी लावायची नाही. प्लॅस्टिकला चरे पडतात आणि चऱ्यात घाण बसते. दिवसातून एकदा मोठ्या पातेल्यात, सगळे भाग पाण्यात बुडवून, उकळी फुटल्यावर दहा मिनिटं उकळायचं. विजेच्या पंपाची मोटर अर्थातच उकळायची नाही. मग धुतलेल्या सुती फडक्यावर पालथं घालून हवेवर वाळवायचं. पदराने पुसायचं नाही.

पुढच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकांना येताना मी हातपंप आणि सिलिकॉनचा, असे दोन्ही नवे नमुने दाखवायला आणणार आहे. ते फक्त बघायला आणि सुटे करून जोडायला आहेत, लावून बघायला नाहीत. आशा ताईंनाही बोलावलं आहे, त्या हाताने दूध काढायची रीत दाखवतील. पुरुष मंडळींना त्या अर्ध्या तासासाठी चावडीवर बसायला सांगा. सासूबाईंना मात्र बरोबर घेऊन या.

क्षेत्र समन्वयक